अप्पांची अर्धी सायकल

केजमध्ये छापलेलं कुठलंही पत्रक हातात पडलं की मी आधी त्यातली विशेषणं बघते. ‘भव्य’, ‘झंझावाती’, ‘तडफदार’, ‘लाडके’ असं सगळं जागच्या जागी असलं, की समजायचं, हे अप्पांच्या हाताखालून गेलेलं नाही. जाणार कुठून? अप्पांना जाऊन काही वर्षं झाली. पण माझी सवय जात नाही. कुठे तरी एखादं बोडकं, विशेषण नसलेलं पत्रक दिसेल, या आशेने मी अजून बसस्टँडच्या भिंती वाचत फिरते.

अप्पा म्हणजे माझे वडील. बाजारातल्या एका छापखान्यात ते ट्रेडल मशीन चालवायचे. पायाने पट्टी दाबत राहायचं, एका हाताने कोरा कागद आत सारायचा, दुसऱ्या हाताने छापलेला काढायचा. मालकाने कॉम्प्युटर आणला, ऑफसेट आणलं, मोठी कामं तिकडे गेली. ट्रेडल मात्र कोपऱ्यात राहिलं, आणि ट्रेडलबरोबर अप्पाही. शिशाचे खिळे एकेक उचलून मजकूर जुळवायचा आणि जुळवता जुळवता तो तपासायचा, हा त्यांचा धर्म. शुद्धलेखन तपासायचं असं नाही. खरंखोटं तपासायचं.

एकदा कुठल्याशा पुढाऱ्याचा कार्यकर्ता छापलेला गठ्ठा घेऊन तणतणत परत आला.

“अप्पा, ‘झंझावाती दौरा’ लिहून दिलं हुतं की! नुसता ‘दौरा’ कसा काय छापला?”

“साहेब कशानं फिरले?”

“जीपनं.”

“मधी कुठं थांबले?”

“थांबले की. चहाला थांबले, जेवायला थांबले.”

“मग? झंझावात चहाला थांबतो व्हय?”

मालक डोक्याला हात लावून बसायचे. “अप्पा, तुमच्या खरेपणापायी माझं गिऱ्हाईक सगळं परळीला चाललंय हो.” अप्पा म्हणायचे, “जाऊ द्या. तिकडं खिळे जास्त असतील.” आणि पुन्हा पाय पट्टीवर.

एका माणसाने लग्नपत्रिकेचा मजकूर आणला होता. अप्पांनी वाचला आणि विचारलं, “पोरगी कितवीला हाय?” तो म्हणाला, “नववीला व्हती. आता काढली शाळंतून.” अप्पांनी कागद शांतपणे परत केला. “आमच्याकडं खिळे न्हाईत.”

“न्हाईत म्हंजे? हे काय भरलेत की खाने!”

“नववीच्या पोरीच्या लग्नाला लागणारे न्हाईत.”

पत्रिका दुसरीकडे छापली गेली. लग्नही झालं. अप्पांनी जग बदललं असं मी म्हणणार नाही. असं वाक्य मी लिहिलं असतं तर त्यांनीच खोडलं असतं. पण त्या दिवशी एका माणसाने एक गोष्ट छापली नाही, एवढं खरं आहे, आणि अजून कितीतरी छापखान्यांत एवढंसुद्धा घडत नाही.

आमच्या घरात सगळीकडे वाया गेलेली पत्रकं असायची. भाकरी त्यात, शेंगा त्यात, माझा गृहपाठ त्यांच्या मागच्या बाजूला. मी अक्षरं त्यांवरून शिकले. त्याहून आधी शिकले ती अप्पांच्या खिळ्यांवरून. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, म्हणून मी पहिलीत ‘क’ आरशात बघितल्यासारखा काढायची. बाईंनी अप्पांना बोलावून घेतलं. अप्पा वही बघून म्हणाले, “बाई, बरूबर हाय. छापल्यावर सरळ उमटंल.”

आता सायकलीचं.

आठवडी बाजाराच्या गर्दीत कुणी तरी अप्पांच्या सायकलीचं पुढचं चाक काढून नेलं. दुसरा कुणी असता तर नवं चाक टाकलं असतं. अप्पा उरलेली सायकल खांद्यावर टाकून मिस्त्रीकडे गेले. “चोरानं एकच चाक ठिवलंय. तेवढ्यावर चालंल असं कर.” मिस्त्रीला वाटलं थट्टा करतायत. नंतर त्यालाही चेव आला. त्याने पायडल सरळ चाकाच्या आसालाच बसवले, वर दांडा, दांड्यावर सीट. साखळी नाही, हँडल नाही, ब्रेक नाही. पाय चालले तर चाक चालणार, पाय थांबले की माणूस खाली.

अप्पांना ती लवकर जमली याचं गावाला नवल वाटलं. त्यांना स्वतःला वाटलं नाही. “मशीनसारखीच हाय,” ते म्हणायचे. “पाय चालू, हात मोकळे.” आणि हात मोकळे म्हणून जाता-येता ते प्रूफ वाचायचे. केजच्या मेनरोडवरून एका चाकावर, कानाला पेन्सिल लावून, कागद डोळ्यांसमोर धरून जाणारा माणूस तुम्ही बघितला असेल, तर ते अप्पा.

“ओ अप्पा, दुसरं चाक कुठं ठिवलं?” पानटपरीवरून रोज कुणी ना कुणी ओरडायचं.

“चोराकडं हाय. त्याला इचारा, त्याला एकावर जमतंय का.”

मी पाचवीत असताना दुसऱ्या भंगार सायकलीची दुसरी अर्धी सायकल झाली, माझ्या उंचीची. शिकवताना अप्पांनी मला एकदाही धरलं नाही. हात पाठीमागे बांधून शेजारून चालायचे. मी पडले की थांबायचे, मी उठले की चालायला लागायचे. आई दारातून ओरडायची, “आवो धरा की पोरीला!” ते म्हणायचे, “धरलं की तिला माझ्या हाताची सवय लागंल. माझा हात छापखान्यात असतो.”

मला जमली. मग रोज सकाळी आम्ही दोघं गावाबाहेरच्या रस्त्याला जायचो. तो रस्ता आता रुंद झालाय, झाडं तोडली, मधे दुभाजक आलाय. आम्ही तिथे फार बोलत नव्हतो. एका चाकावर बोलायला दम उरत नाही. चाकाच्या कुरकुरीवरून मला कळायचं अप्पा किती मागे आहेत, आणि तेवढं कळलं की पुरायचं. तसं निर्धास्त मला नंतर कुठेच वाटलं नाही. ना कॉलेजात, ना मोर्च्यात, ना नोकरीत.

मी ओढणी घ्यायला लागले तशी लोकांची थट्टा बदलली. आता ती काकांच्या कानावर जायला लागली. काका म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ, बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. आजोबा लवकर गेले तेव्हा धर्मापुरीहून अप्पांना बोटाला धरून केजला आणलं ते काकांनी. त्यांनीच वाढवलं. त्यामुळे पुढाऱ्यांची विशेषणं छाटणारे अप्पा काकांसमोर मात्र खुर्चीच्या कडेवर बसायचे.

दहावीचा निकाल लागला. मला बीडला सायन्सला जायचं होतं, हॉस्टेलला राहून. अप्पा ते सांगायला दुकानात गेले. तिथे चार लोक बसलेले. काका पितळी घागर पुसत म्हणाले, “बीड कशाला? धर्मापुरीचं स्थळ आलंय, चांगलं हाय. यंदा बोलणी, पुढच्या साली बार.”

“दादा, तिला शिकायचंय. बीडला.”

“कशी जाईल बीडला? एका चाकावर?” दुकान हसलं. “मधी घाट हाय म्हणावं.”

अप्पांचे कान लाल झाले असतील. ते पटकन बोलून गेले, “घाट उतरायचं काय घिऊन बसलाव? पालीपसनं वर चढून दावतो. दोघं बी.”

काकांनी घागर खाली ठेवली. “बरं. दोघांनी, एका चाकावर, पाय न टेकता. चढलात तर म्या सोता पोरीला बीडला सोडायला येतो. कुणाचा बी पाय टेकला, तर धर्मापुरीची बोलणी. हाय कबूल?”

“कबूल.”

हे मला आईकडून कळलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “तुझे अप्पा तुला पैजंवर लावून आलेत.”

मी त्या दिवशी अप्पांशी जशी बोलले तशी आधी कधी बोलले नव्हते. ते जेवायला बसले होते.

“अप्पा, नववीतल्या पोरीची पत्रिका तुमी छापत न्हाई.”

“न्हाई.”

“आन् दहावीतली पोरगी पैजंवर लावता?”

त्यांचा घास हातातच राहिला.

“माझं शिकणं काय बाजारातलं कोंबडं हाय, झुंजीला सोडायला? कुणाला इचारून कबूल म्हणलाव?”

त्यांनी घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, “चुकलं.”

“मग मोडा पैज.”

“दादाला शब्द दिलाय.”

“माझा शब्द कुणी घेतला?”

पैज मोडली तर अप्पा हरले असंच काका धरणार आणि धर्मापुरीला निरोप धाडणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. शिक्षण हा मुलीचा हक्क आहे, असं भिंतीभिंतीवर लिहिलेलं असतं. त्याचं पत्रकही अप्पांनीच छापलेलं होतं, एकही शब्द न खोडता. आणि त्याच घरातल्या पोरीला तो हक्क मिळवायला घाट चढायचा होता. मला अजून त्याचा राग येतो.

पण आज कुणी मला विचारलं, की तो घाट आयुष्यातून काढून टाकू का, तर मी नाही म्हणेन.

एका रविवारी पहाटे टेम्पोने आम्हाला घाटाच्या पायथ्याला, पालीजवळ सोडलं. काका दोन माणसं घेऊन आधीच वर, मांजरसुंब्याच्या बाजूला, चहाच्या हॉटेलवर जाऊन बसले होते. मागे बिंदुसरा धरणाचं पाणी अजून काळंच दिसत होतं. अप्पांनी मला पुढे घातलं.

“मागं बघायचं न्हाई. मान वळली की चाक वळतं.”

“मग तुमी हाय का न्हाई मला कसं कळंल?”

“हाक मार.”

सुरुवातीला सोपं वाटलं. मग रस्ता उभा राहायला लागला. एका चाकावर चढ सरळ अंगावर येतो. सीटवरून उठून सगळं वजन एका पायावर, मग दुसऱ्यावर. मध्ये क्षणभर चाक मेल्यासारखं थांबतं, आणि तेवढ्यात दुसरा पाय पडला नाही तर संपलं. मी रस्त्याच्या कडेने नागमोडी चढत होते. मागून ट्रक यायचे. एका ट्रकचा क्लीनर अर्धा बाहेर लोंबकळत ओरडला, “अय बाई! एक चाक पडलं बघ मागं!”

“अप्पा, हाय का?”

“हाय!”

एवढंच आमचं बोलणं. वळण आलं की मी हाक मारायची, ते ओ द्यायचे. मांड्या पेटल्या होत्या. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात वळवता येत नव्हता, कारण हातांनीच तोल धरलेला. एका वळणावर वाटलं, बस. टेकावा पाय. होऊ दे काय व्हायचं ते. मी हाक मारली, “अप्पा?” आणि मागून फाटक्या आवाजात आलं, “हाय!” त्यांना माझ्याहून जास्त दम लागला होता. वयाने ते दुप्पट-तिप्पट, आणि तरी मागे होते. मग मी पाय कसा टेकवणार? मी चढत राहिले. त्यांचे आवाज आखूड होत गेले, शेवटी शेवटी नुसता श्वासच ऐकू यायचा.

वर रस्ता सपाट झाला, हॉटेलचा पत्रा दिसला, आणि माझ्या उजव्या बाजूला चाकाची कुरकुर ऐकू आली. अप्पा माझ्या बरोबरीला आले. सदरा अंगाला चिकटलेला, चेहरा काळानिळा, आणि हसत होते. तसंच शेजारी शेजारी आम्ही हॉटेलसमोर आलो आणि उतरलो.

काका खुर्चीतून उठून उभे राहिले. मला वाटलं होतं त्यांचं तोंड पडेल. पण त्यांचे डोळे भरून आले होते. “आरं लेका! चढलास की रं!” ते हॉटेलवाल्यावर ओरडले, “चहा टाक बे सगळ्यास्नी! पोरीला दूध दे!”

अप्पा सायकलीवर ओणवे होऊन श्वास घेत होते. त्यांनी हात वर केला.

“दादा, चहा थांबीव. मधी पाय टेकला माझा.”

काका त्यांच्या जवळ गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “कुणी बघितलं?”

“म्या बघितलं की.”

“आरं, मला दिसला न्हाई. ह्यांना दिसला न्हाई. तू कावून बोलायलास?”

“टेकला, दादा.”

माझ्या अंगाची लाही झाली. त्या क्षणी मला अप्पांच्या खरेपणाचा जेवढा संताप आला तेवढा कुठल्याही पुढाऱ्याच्या खोटेपणाचा आला नाही. काका सोडायला तयार होते! जगात एवढी खोटी पत्रकं निघतात, आणि या माणसाला नेमकं इथे शुद्धिपत्र काढायचं होतं. पण रागाबरोबर आणखी एक गोष्ट लख्ख दिसली. मी खोटं बोलून जिंकले असते तर आयुष्यभर काकांच्या मेहेरबानीवर शिकले असते. मग मी तोंड उघडलं.

“काका, पैज तुमची न् अप्पांची. अप्पा हरले. त्यांना काय दंड करायचा तो करा. धर्मापुरीला दाखवायला न्यायचं तर त्यांनाच न्या. म्या त्या पैजंत नव्हते. म्या बीडला जाणार.”

हॉटेलवाला फस्सकन हसला. काका हसले नाहीत. चहा न घेताच जीपमध्ये बसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी छापखाना उघडल्याबरोबर अप्पांनी खिळे जुळवायला घेतले. मालकांना वाटलं कुणाचं तरी काम आहे. निघालं ते हे:

“जाहीर खुलासा. माझे थोरले बंधू यांच्याशी मी घाट चढण्याची पैज लावली होती. ती मी हरलो. माझी मुलगी पाय न टेकता चढली. तिच्या शिक्षणावर पैज लावण्याचा मला हक्क नव्हता, तरी लावली, ही माझी चूक आहे. सबब मुलगी बीडला शिकायला जाईल. हरल्याबद्दल बंधू मला सांगतील ते काम मी करीन.”

एका चाकावर बसून, मोकळ्या हातांनी, अप्पांनी ते सगळ्या बाजारात वाटलं. पहिलं काकांच्या दुकानात दिलं. लोक म्हणाले, आता भावाभावांत फाटणार. काकांनी चष्मा लावून ते उभ्याने वाचलं. परत वाचलं.

“‘आदरणीय’ न्हाई लावलं?”

“लावू का दादा? आजून मशीनवरच हाय.”

काकांनी कागदाची घडी घातली. “ऱ्हाऊ दे,” म्हणाले. मग विचारलं, “कवा निघायचंय तिला?”

“सोमवारी.”

“म्या येणार न्हाई सोडायला. हरलास तू.” आणि फळीवरून एक नवा स्टीलचा डबा काढून, फडक्याने पुसून, अप्पांपुढे सरकवला. “पोरीला दे. आन् तुझं काम म्हंजे, रोज दुपारी जेवायला हितं यायचं. एकटा जेवतो म्या.”

अप्पा पुढे रोज दुपारी तिथे जेवले, शेवटपर्यंत.

सोमवारी आम्ही एसटीत बसलो. माझी पेटी पायाशी, डबा मांडीवर. अप्पांनी खिडकी मला दिली. मांजरसुंबा गेलं, बस घाट उतरायला लागली. चढताना जो रस्ता मला नीट दिसला नव्हता, नुसता सोसला होता, तो आता भराभर मागे सरकत होता. मी अप्पांशी आठवडाभर धड बोलले नव्हते. पण ती वळणं बघून मला राहवेना.

“कुठं टेकला पाय?”

“येतंय की.”

वरचं मोठं वळण आलं. “हितं?”

“न्हाई.”

पुढचं आलं. मला वाटत होतं, दम संपला तो इथेच असणार, आवाज इथूनच फाटला होता. “हितं?”

“खाली.”

“आजून खाली?”

त्यांनी मान हलवली. वळणामागून वळण जात राहिलं. धरणाचं पाणी दिसायला लागलं. घाट जवळजवळ संपला तेव्हा त्यांनी माझ्या पुढून हात नेऊन काचेवर बोट टेकवलं.

“ती बाभळ दिसली? तिच्याम्होरं. पायात गोळा आला.”

“अप्पा, ही तर सुरुवात हाय!”

“हं.”

“मग मागून ‘हाय’ कोण म्हणत हुतं?”

“म्याच की. पळत हुतो. सायकल खांद्यावर घिऊन.”

“सगळा घाट?”

“तू थांबली असतीस. हाकंला ओ न्हाई आली तर वळून बघितलं असतंस.”

मग आठवलं. “पण वर तर तुमी सायकलीवर हुताव. माझ्या शेजारी. हरलाच हुता, तर परत बसलाव कशाला?”

त्यांनी बोट काचेवरून काढलं. थोडं लाजल्यासारखं हसले.

“तुझ्या शेजारून यायचं हुतं. एकदा.”

बस पालीतून सुटली. मला कंडक्टरला सांगून तिथेच उतरायचं होतं. आम्ही दोघांनी. पेटी रस्त्याकडेला ठेवून, सायकली नसल्या तर नसल्या, पुन्हा तिथून वर निघायचं होतं, आणि या वेळी मला मागे राहायचं होतं. पण बस बीडला चालली होती, आणि बीडला जायचं म्हणूनच तर तो घाट चढला होता. अप्पांनी कंडक्टरला तिकिटं दाखवली. त्यांत परतीचं एकच होतं, त्यांचं.